आठ दिवस तेलात

रोज संध्याकाळी नाना गाडीखाली एक कोरा कागद अंथरत आणि रोज सकाळी चहाच्या आधी तो ओढून बाहेर काढत. कागद आमच्याच वर्तमानपत्राचा, रिळाच्या शेवटी उरलेला, छपाई न झालेला. त्याची गुंडाळी ते सायकलच्या दांडीला बांधून घरी नेत. सकाळी कागदावर तेलाचा डाग असला तर त्याच्या कडेने पेन्सिलीची रेघ ओढत, कोपऱ्यात तारीख घालत आणि थेंब साधारण कधी पडला असेल ते सांगत. कड पसरलेली असली तर रात्रीचा, ठळक असली तर पहाटेचा. डाग नसला तर नुसती तारीख. असे कागद त्यांच्या कपाटात, कपड्यांच्या वरच्या खणात रचलेले होते.

"गळतं ते खोटं बोलत नाही," असं ते म्हणत. बातमीदारांविषयी बोलतानाही हेच वाक्य वापरत.

जळगावच्या एका दैनिकात मी उपसंपादक होतो आणि नाना मुद्रितशोधक. काळ ऐंशीच्या दशकाच्या मध्याचा. कार्यालयात सगळे त्यांना नानाच म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेही. मला त्यांचा हेवा वाटत असे. पुढचं सगळं त्या हेव्यातून झालं, म्हणून तो आधी नोंदवून ठेवतो.

गाडी दोन माणसांची होती. परदेशी, बुटकी, लांब नाकाची, शर्यतीच्या गाड्यांच्या घराण्यातली. मूळचा लाल रंग उन्हाने चिंचेसारखा झालेला. परदेशातून परतलेल्या एका डॉक्टरांनी ती बोटीने आणली होती. ते गेल्यावर ती केळीच्या वखारीत सात वर्षं पडून होती आणि शेवटी त्यांच्या पत्नीने नानांना, "एवढी उचलून न्या," असं सांगितलं. गावातल्या सगळ्या मेकॅनिकांनी ती आधी पाहिली होती आणि सगळे एकाच ठिकाणी अडले होते. तिला क्लचचं पेडलच नव्हतं. गिअरच्या दांड्याला हात लागला की इंजिनवर चालणारा पंप तेलाला दाब द्यायचा. त्या दाबाने तळहातावर मावेल एवढ्या एका नळकांड्यातला दट्ट्या सरकायचा, क्लच सुटायचा आणि गिअर पडायचा. हाताचं म्हणणं गिअरपेटीपर्यंत पोचवणाऱ्या त्या नळकांड्याला नाना 'निरोप्या' म्हणत. गाडीचं पुस्तक फ्रेंचमध्ये होतं. शब्दकोश घेऊन त्यांनी ते अकरा महिन्यांत मराठीत उतरवलं. अक्षर मुद्रितं तपासतानाचंच, बारीक, उजवीकडे झुकलेलं.

मी त्याच अकरा महिन्यांत एक लेखमाला लिहिणार होतो. तिची तीन टिपणं झाली.

निरोप्या उघडायचा दिवस रविवार. आदल्या दिवशी अंगणात दोनदा पाणी मारलं जाई. खानदेशात धूळ आणि कापसाचे तंतू हे दोन्ही हवेतच असतात, आणि दट्ट्याच्या कडेला एक तंतू अडकला तरी तेल तिथून वाट काढतं. त्यामुळे गाडीजवळ येणाऱ्याने पाय धुतलेच पाहिजेत, असा नियम होता. एकदा एक पुढारी चार माणसं घेऊन गाडी बघायला आले. नानांनी दारातच तांब्या पुढे केला.

"मंदिर आहे का हे, नाना?" पुढारी हसत म्हणाले.

"नाही हो साहेब. मंदिरात धूळ चालते."

पुढाऱ्यांनी पाय धुतले. बरोबरच्या चौघांनीही धुतले. नानांच्या पत्नी, आम्ही त्यांना वहिनी म्हणत असू, दारातून म्हणाल्या, "तुमचं काय घेऊन बसलात? मी अंगणात वाती वळायला बसले तर मलाही उठवतात. कापूस उडतो म्हणे!"

सुटे भाग ते जेवणाच्या थाळीत, उघडलेल्या क्रमाने, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने मांडत. काम चालू असताना कुणी बोलायचं नाही. संपलं की रॉकेलने हात धुऊन ते गव्हाच्या कोंड्यात चोळत. कोंड्याची वाटी हाताशी असे. ज्याने कामाला हात लावला असेल त्याच्यापुढे ती सरकवली जाई. मी तिथे अनेक रविवार बसलो, पण माझ्यापुढे वाटी आली नाही. तक्रारीला जागा नव्हती. मी नुसता बसलेला असे.

माझे वडील दोंडाईचाला एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात एकतीस वर्षं प्रेसवर होते. सरकी काढलेल्या रुईची गठाण बांधणारा तो पाण्याच्या दाबावर चालणारा प्रेस. त्याचे चामड्याचे वॉशर वडील स्वतः कापत. घरी त्यांनी कामाविषयी कधी काही सांगितलं नाही. लहानपणी मी एकदा प्रेसच्या दारापर्यंत गेलो होतो, तेव्हा त्यांनी हाताच्या खुणेने परत पाठवलं. "तू शिक," एवढंच म्हणाले. मी शिकलो. त्यानंतर आमच्यात बोलण्यासारखं फारसं उरलं नाही.

डोळे तपासायला ते आठवडाभर जळगावला माझ्याकडे आले. दोन दिवसांत माझे सगळे विषय संपले. तिसऱ्या दिवशी रविवार होता. मीच त्यांना नानांकडे घेऊन गेलो.

दारात तांब्या होता. कुणी सांगण्याआधी वडिलांनी पाय धुतले, धोतराच्या सोग्याने पुसले, आणि पायांचे तळवे एकमेकांवर घासून चिकटलेले तंतू झाडले. नानांनी ते पाहिलं. मला ते अंगण माहीत झाल्याला दोन वर्षं झाली होती, आणि तळवे घासायचे असतात हे मला माहीत नव्हतं.

त्या दिवशी निरोप्या उघडा होता. आतल्या रबरी वॉशरची कड फाटली होती आणि तसा वॉशर मुंबईतही मिळाला नव्हता. वडिलांनी तो हातात घेतला, उलटा केला, डोळ्यांजवळ नेला.

"हाई तं आमनं प्रेसनं वाटी-वॉशर शे," ते म्हणाले. "धाकलं शे, इतलंच. चामडानं करू."

"चामड्याचं टिकेल, आबा?" नानांनी विचारलं.

"टिकेल म्हंजे? रुईनी गठाण दाबस ते. तुना गिअर काय गठाणपेक्षा जड शे का?"

नाना मोठ्याने हसले. काम चालू असताना त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. वडिलांना इतकं बोलताना पाहण्याचीही माझी पहिलीच वेळ होती.

पुढचा रविवार येईपर्यंत वडिलांनी तपासणीचा विषय काढला नाही. त्या आठवड्यात नाना कामावर दुपारी येत, म्हणून वडील रोज सकाळी जेवून त्यांच्याकडे जात. मी कार्यालयात असे, त्यामुळे काय बोलणं झालं ते मला वहिनींकडून कळे. प्रेसवर काम करताना त्यांचं एक बोट कसं वाचलं, रात्रपाळीत कोण गात असे, मालकाने त्यांना कोणत्या नावाने हाक मारली होती. हे सगळं वहिनींना ठाऊक होतं. मला नव्हतं.

रविवारी वडिलांनी म्हशीचं चामडं कोमट पाण्यात मऊ केलं, लेथवर करून आणलेल्या साच्यात दाबलं आणि रापीने कड कापली. रापी त्यांनी दोंडाईचाहून निघतानाच पिशवीत टाकली होती. का, ते मी विचारलं नाही. वॉशर वाटीसारखा झाला. एक आठवडा सावलीत वाळवायचा, मग दोन दिवस एरंडेलात भिजवायचा आणि मग बसवायचा, असं त्यांनी नानांना सांगितलं. भिजला की नाही ते बोटाने बघायचं नाही, असंही सांगितलं. कामाने बोटं मेलेली असतात. वॉशर खालच्या ओठाला लावायचा. नानांनी त्या वेळी कोंड्याची वाटी वडिलांपुढे सरकवली आणि दोघांनी एकाच वाटीत हात चोळले.

वडील दोंडाईचाला परतले. पुढच्या रविवारी मी त्यांना भेटायला गेलो. निघताना ते स्टेशनपर्यंत आले. सहसा येत नसत. गाडी फलाटाला लागल्यावर म्हणाले, "त्याले सांगजो, चामडं म्हशीनं शे, जाड शे. दोन दिनमा काई व्हत नई. आठ दिन तेलमा ठेव म्हनजो. इसरजो नको."

मी हो म्हणालो.

सोमवारी दुपारी नाना माझ्या टेबलाशी आले. वॉशर त्याच सकाळी तेलात टाकला होता. "आबा काही म्हणाले का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "मजेत आहेत."

विसरलो, असं लिहिता आलं असतं. विसरलो नव्हतो. आठ दिवस हा आकडा माझ्या तोंडात होता.

बुधवारी नानांनी वॉशर बसवला. चार दिवस अंगणातल्या अंगणात गाडी पुढे-मागे केली. कागदावर ज्वारीच्या दाण्याएवढा डाग दिसला. नवा वॉशर आहे, बसेल, असं ते म्हणाले. पुढच्या आठवड्यात वडील पुन्हा आले आणि ठरलं की नाना त्यांना गाडीतून दोंडाईचाला पोचवतील. एरंडोल, पारोळा, धुळे, सोनगीर, मग दोंडाईचा. गाडी कारखान्याच्या दारावरून न्यायची, असं वडिलांनी दोनदा सांगितलं. निवृत्तीनंतर त्यांनी त्या रस्त्याने जाणं सोडलं होतं. आता त्यांनी नवं धोतर काढलं आणि नातू घेऊन देवाला जावं तसे ते त्या गाडीकडे चालत गेले.

वॉशर किती दिवस भिजवला, हे त्यांनी नानांना विचारलं नाही. प्रेसच्या आवाजात एकदा सांगितलेलं पुन्हा विचारायची पद्धत नव्हती. पुन्हा विचारणं म्हणजे समोरच्यावर विश्वास नाही, असं तिथे धरत. निरोप पाठवला म्हणजे तो पोचला.

गाडीत दोनच जागा होत्या. मी एस.टी.ने निघालो.

धुळ्यापर्यंत ती गाडी कुठे दिसली नाही, तेव्हा मला वाटलं की ते पोचले असतील. सोनगीरच्या थांब्यावर बस थांबली आणि खिडकीतून चिंचेचा रंग दिसला. किल्ल्याच्या बाजूला, रस्त्याच्या कडेला गाडी उभी होती. भोवती वीसेक माणसं होती, त्यांतले बरेच तांबट, हातातलं काम टाकून आलेले. कापसाच्या बैलगाड्या आडव्या आल्या म्हणून नानांनी गिअर खाली घेतला होता. गिअर अर्ध्यावर अडकला आणि तेल रस्त्यावर आलं.

"भांडं ते मस्त शे," गळकी भांडी झाळणारा एक तांबट म्हणत होता, "पन डाग देवाले जोयजे."

लोक हसले. वडील मैलाच्या दगडावर बसले होते. वॉशर त्यांच्या तळहातावर होता. त्याची कड एका बाजूला कडक होऊन दुमडली होती. नानांचे हात कोपरापर्यंत तेलात होते. मी जवळ गेलो तसं वडिलांनी वर पाहिलं.

"आठ दिन सांगं व्हतं ना मी तुले?"

"हो."

"मंग याले सांगं का तू?"

वीस माणसं ऐकत होती. नाना ऐकत होते.

"सांगितलं," मी म्हणालो.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मुद्रितातली चुकीची ओळ दिसली की ते तिच्यावर जेवढा वेळ थांबत, तेवढाच वेळ थांबले. मग वडिलांकडे वळले.

"सांगितलं होतं त्यांनी, आबा. मीच घाई केली."

वडील उठले. वॉशर त्यांनी नानांच्या हातात ठेवला, हातावर हात न टेकवता. "घाई करनारानं चामडाले हात लावू नये," म्हणाले आणि बसकडे चालू लागले.

बसमध्ये आम्हाला दोघांचं बाक मिळालं. वडील खिडकीशी, मी शेजारी. ज्या जागेचा मला महिनाभर हेवा वाटत होता, ती अशी मिळाली. दोंडाईचापर्यंत ते बाहेर बघत राहिले. गावात शिरल्यावर त्यांनी कंडक्टरला कारखान्याच्या आधीच्या थांब्यावर बस थांबवायला सांगितली, आणि आम्ही मागच्या गल्लीने घरी गेलो.

नाना सोमवारी कामावर होते. गाडी त्यांनी ट्रकमागे बांधून आणली होती. त्या प्रसंगाबद्दल ते माझ्याशी बोलले नाहीत. माझी मुद्रितं पूर्वीसारखीच तपासत. एकही चूक जास्त काढली नाही, एकही कमी नाही. कुणी माझ्याशी भांडलं असतं तर मला ते सोपं गेलं असतं. या बाबतीतही ते माझ्यापेक्षा वरचढ ठरले, ही नोंद मी तेव्हा मनाशी केली. हेवा लाजेने कमी होतो असं म्हणतात. माझा झाला नाही.

महिन्याभराने त्यांनी माझ्या टेबलावर एक घडी केलेला कागद ठेवला. दुसरा वॉशर त्यांनी स्वतः कापला होता. म्हशीचंच चामडं, आठ दिवस एरंडेलात. जळगावहून पाचोऱ्यामार्गे चाळीसगावला जाऊन ते परत आले होते. घडीत त्यानंतरच्या सकाळचा कागद होता. कोपऱ्यात तारीख, बाकी कोरा.

"आबांना दाखवा," ते म्हणाले. "त्यांना कळेल. पत्र नको."

मी तो कागद टेबलाच्या खालच्या खणात ठेवला.

दोंडाईचाला मी त्यानंतर तीनदा गेलो. वडील ओट्यावर बसलेले असत. मी त्यांना प्रेसविषयी विचारायचा प्रयत्न केला. बोट कसं वाचलं, ते विचारलं. "तुले काय करनं?" म्हणाले. तिसऱ्या भेटीत त्यांनी आपण होऊन एक प्रश्न विचारला. "त्यानं दुसरं करं का वॉशर?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग स्वतःचे हात मांडीवर उलटेसुलटे करून पाहिले. "मना हातमा बी ऱ्हायनं नसीन आते," म्हणाले. नानांवरचा राग गेला होता आणि त्याच्या जागी स्वतःच्या हातांविषयीची ही शंका आली होती. तेव्हा सांगता आलं असतं. थंडीत वडील गेले. अंत्यविधीला नाना आले होते, मागे उभे राहून परत गेले. त्यांच्या समजुतीप्रमाणे कागद पोचला होता, आणि आबांनी उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं.

दहा-बारा वर्षांनी, नव्वदच्या दशकाच्या शेवटी, माझी बदली धुळ्याच्या कचेरीत झाली. टेबल रिकामं करताना कागद हाती लागला. वर्तमानपत्राचा कागद उन्हाशिवायही पिवळा पडतो. घडीच्या रेषेवर तो चिरत आला होता. नाना तोवर निवृत्त झाले होते. मी कागद घेऊन त्यांच्याकडे गेलो. बरोबर वडिलांची रापी घेतली. ट्रंकेत सापडली होती आणि मला तिचं काय करायचं ते माहीत नव्हतं.

दारात तांब्या होता. मी पाय धुतले.

अंगणात गाडी होती, थाळी होती, कोंड्याची वाटी होती. नाना वाळले होते. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी घडी हळू उलगडली, कोपऱ्यातली तारीख वाचली, कागद उजेडासमोर धरून डाग शोधला. डाग नव्हता.

"हा आबांनी पाहिलाच नाही," ते म्हणाले.

"नाही."

"आणि आठ दिवस?"

"तेही मी सांगितलं नव्हतं."

"ते सोनगीरलाच कळलं होतं मला." त्यांनी कागदाची पुन्हा होती तशी घडी घातली. बोटं थांबली. "हे नव्हतं कळलं. मला वाटलं, पाहून गप्प राहिले."

मी रापी पुढे केली. ती घेऊन त्यांनी पात्याची धार अंगठ्याच्या नखावर पाहिली आणि थाळीत, उजवीकडे, पहिल्या जागी ठेवली. मग शेजारचा एरंडेलाचा डबा ओढला, आतून एक वॉशर काढला, निथळू दिला आणि डोळे मिटून खालच्या ओठाला लावला. मान किंचित डावीकडे कलली. माझे वडील कशाचाही अंदाज घेताना मान तशीच कलवत असत. ओट्यावर बसून पावसाचा वास घेतानाही. घरात ती सवय कुणाला आलेली नाही. मला तर नाहीच.

त्यांनी वॉशर माझ्याकडे दिला. मी तो खालच्या ओठाला लावला.

"काय कळलं?" नानांनी विचारलं.

"तेल," मी म्हणालो.

त्यांनी वॉशर परत घेतला, डब्यात सोडला, झाकण लावलं. कोंड्याची वाटी ओढून हात चोळू लागले. मी रुमालाला बोटं पुसली.